चोराची नाडी

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते. मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रमुख होतो. तोंडवलीचे एक निवृत्त मास्तर अर्ज घेऊन आले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर इस्पितळाने त्यांना एक घड्याळ दिलं होतं. ते नाडी, झोप, पावलं मोजायचं आणि मोबाईलमार्फत आपोआप डॉक्टरांना कळवायचं. तेच चोरीला गेलं होतं. घड्याळ म्हणजे काही दरोडा नव्हे, म्हणून मी अर्ज फायलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "साहेब, घड्याळ चालू आहे. आकडे येताहेत, पण ते मास्तरांचे नाहीत. मास्तर सात जन्मांत इतके चालायचे नाहीत. आणि ज्याच्या हातात ते आहे, त्याचे ठोके भलतेच चुकताहेत. चोराला लवकर पकडा, नाहीतर तो हातचा जाईल."

चोराचा जीव वाचवायला धावण्याची माझी ती पहिलीच वेळ.

"आकडे केव्हा येतात?" मी विचारलं.

"रोज संध्याकाळी. घड्याळ मास्तरांच्या मोबाईलजवळ आलं की."

मोबाईल तर मास्तरांच्या ओटीवर असायचा. म्हणजे चोर रोज दिवेलागणीला त्यांच्याच घरी येत होता!

महिला हवालदाराला घेऊन त्याच वेळी गेलो. मास्तरांनी नारळ पाडणाऱ्यापासून मासेवालीपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. त्यांच्या पत्नीने मला चहा दिला, पण एकाच हाताने. डावा हात पदराखाली होता.

"वैनी, डावो हात दाखवा बघया," हवालदार म्हणाल्या.

मनगटावर घड्याळ होतं. बाई रडू लागल्या. "डॉक्टरांनी ह्येंका रोज चालूक सांगलेला. हे ओटीवरसून हलणत नाय. ह्येंच्यासाठी उपास मी धरतंय, मगे पावलां मी चाललंय तर काय चुकला? दिवसभर मागल्या परसात चालतंय, दिवो लावूक तेवढी ओटीवर येतंय. तुमच्याकडे अर्ज गेलो तशी माझी बोबडीच वळली."

"धाप लागते?" मी विचारलं.

"वर्स झाला. पण आजारी हे आसत, माका कोण इचारतलो?"

मास्तर उठून चपला शोधू लागले. आमच्याच जीपने बाईंना इस्पितळात नेलं आणि वेळेत औषधं सुरू झाली. आता दोघांच्याही हातात घड्याळ आहे. मास्तर बायकोबरोबर किनाऱ्यावर चालतात, कुरकुरत का होईना.

कोठडीत घालण्यापूर्वी प्रत्येक आरोपीला विचारावं लागतं, 'काही आजार, काही त्रास?' नोकरीभर मी ते न चुकता विचारलं. त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोला पहिल्यांदा विचारलं.

"कसलो गुन्हो घातलात माझ्यार?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "गुडघे दुखतत. दोन वर्सां झाली."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली.