पळायची तालीम

कुठेही गेलं की आमचे मॅनेजर आधी एकच गोष्ट विचारत, "मागचं दार कुठाय?"

लग्नाच्या हॉलमध्ये, नाटकाच्या थिएटरात, अगदी शिंप्याच्या दुकानातसुद्धा. आमच्या एका उपसंपादकाचं लग्न दादरला होतं. तिथे त्यांनी वधूच्या वडिलांना नमस्कार केला आणि लगेच हा प्रश्न टाकला. वडिलांनी अदबीने त्यांना संडासाकडे नेलं. मॅनेजर शांतपणे गेले, तिथून मागची गल्ली पाहून आले आणि मगच पंगतीला बसले. "खिडकीला गज आहेत," एवढंच मला म्हणाले आणि वाढप्याकडे मठ्ठा मागितला.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. अशा माणसाला आपण भित्रा म्हणतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो.

ते गिरगावातल्या जुन्या घराण्यातले. आजोबांच्या वाड्या होत्या, वडिलांकडे वाड्यांची भाडी होती आणि यांच्याकडे पांढरा कोट आणि पापलेट पारखायची नजर एवढंच उरलं होतं. आमच्या सायंदैनिकाची इमारतही गिरगावातच. तळमजल्यावर छापखाना, वर संपादकीय खातं. मी वर बसत असे. पत्र मालकांचं, आणि मालकांचं मत असं की मुंबई महाराष्ट्रात जाऊ नये. खाली अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांपासून वर आमच्यापर्यंत एकाचंही ते मत नव्हतं. दुपारपर्यंत आम्ही ते मत छापत असू आणि संध्याकाळी चौपाटीवर त्याच्याविरुद्ध घोषणा देत असू. मॅनेजरही सभेला येत. उभे राहत मात्र अगदी कडेला.

मोर्चांवर गोळीबार झाले, माणसं मेली, आणि आमच्या इमारतीवर पहिला दगड आला. मालकांचा निरोप आला की काळजी नको, पोलीस आहेत. "पोलीस दगडानंतर येतात," मॅनेजर म्हणाले आणि कामाला लागले.

त्याच आठवड्यात एकदा त्यांनी चहा घेताना सांगितलं की तरुणपणी ते एका कापडाच्या पेढीत कारकून होते. दंगलीत पेढी पेटली. मागच्या दाराशी कापडाची गाठोडी रचलेली होती. "दोघं आत राहिले," ते म्हणाले, आणि कपातला उरलेला चहा तसाच ठेवून उठले.

खिळे धुवायचं रॉकेल त्यांनी इमारतीबाहेर हलवलं. रस्त्याकडच्या खिडक्यांना जाळी ठोकली. मागचं दार शेजारच्या चाळीच्या अंगणात उघडत असे, पण त्याला टेकून तिथल्या एका काकूंनी बंबाची लाकडं रचली होती.

"तुमच्या पेपराला आमच्या अंगणातून वाट नाही," काकूंनी सुनावलं. "मुंबई आमची आहे."

"वाट पेपराला नको, माणसांना हवी," मॅनेजर म्हणाले. "तीही म्हणतात, मुंबई आमचीच."

"आणि त्यांच्यात तुमचा मालक असला तर?"

"ते इथे येतात कुठे?"

"आलाच, तर लाकडं परत रचीन. सांगून ठेवते!"

लाकडं हलली. मग तालीम सुरू झाली. घंटा वाजली की हातातलं काम टाकून मागच्या दाराने अंगणात जायचं. यात चुकण्यासारखं काही नव्हतं, पण पहिल्याच दिवशी सगळे चुकले. आमच्या छापखान्यात कोणी चपला घालून जात नसे. खिळा म्हणजे अक्षर, जमिनीवर पडलेल्या अक्षरावर चपलेचा पाय नको, म्हणून सगळ्यांच्या चपला पुढच्या दाराशी असत. घंटा वाजली आणि अख्खा छापखाना, ज्या दारातून जमाव येणार त्याच दाराकडे धावला. तिथे एकमेकांना ढकलत प्रत्येकजण आपला जोड शोधू लागला.

"अहो, पळताय की देवळातून निघताय?" मॅनेजर ओरडले.

फोरमन वाकलेलाच होता. "साहेब, नव्या आहेत हो. कालच घेतल्यात."

"डोकं जुनंच आहे ना? ते आधी न्या."

दुसऱ्या दिवशी चपलांची फळी मागच्या दाराशी गेली. पुढे दर शनिवारी तालीम होऊ लागली. लोक तिला 'पळापळ मंडळाची बैठक' म्हणत. मॅनेजर हसत आणि तीच दोन वाक्यं पुन्हा सांगत, "शूरपणा घरी करा, इथे फक्त पळा. आणि बाहेर पडलेला माणूस परत आत जाणार नाही."

पुढच्या दारावर तुकाराम दरवान असे. तो मालवणकडचा, राहायला लालबागला. तालीम चालू असताना रस्त्यावरचा कोणी रिकाम्या छापखान्यात शिरू नये, म्हणून मॅनेजर त्याला दारातच उभं राहायला सांगत. तो उभा राही. यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

हल्ला झाला तो भर दुपारी. त्या दिवशीच्या अग्रलेखात गोळीबारात मेलेल्यांना गुंड म्हटलं होतं. जुळवताना फोरमनने वर येऊन विचारलं होतं, हा शब्द असाच ठेवायचा का. तसाच ठेवायचा होता. अंक रस्त्यावर गेला आणि थोड्याच वेळात घोषणा ऐकू आल्या. घंटा वाजली. आम्ही जिन्याने उतरलो, छापखान्यातून मागे वळलो, चपला हातात घेऊन अंगणात आलो. धक्काबुक्की झाली नाही. काकूंनी पाण्याची कळशी बाहेर आणून ठेवली.

मॅनेजर सर्वात शेवटी आले. एकेकाचा चेहरा पाहत गेले आणि मध्येच थांबले.

"तुकाराम?"

एकाही तालमीत आम्ही तुकारामला त्या अंगणात पाहिलं नव्हतं, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं.

मॅनेजर वळले. फोरमनने त्यांचा कोट धरला. "साहेब, परत आत जायचं नाही, तुम्हीच सांगता—"

कोट फोरमनच्या हातात राहिला. मॅनेजर आत गेले होते.

आतलं मी पाहिलेलं नाही. नंतर दोघांनी सांगितलं ते असं. दार फुटलं तेव्हा तुकाराम काठी आडवी धरून उभा होता. त्याने ती कोणावर उगारली नाही. जमावातले काही त्याच्या ओळखीचे होते. "बाजूला हो रे म्हाताऱ्या," ते सांगत होते. तो हलला नाही. एक दगड त्याच्या उजव्या कोपरावर बसला, दुसरा धावत आलेल्या मॅनेजरांच्या कपाळावर. मॅनेजरांनी त्याला बखोटीला धरून ओढत यंत्रामागे नेलं आणि स्वतः त्याच्यापुढे बसले. जमावाने खिळ्यांच्या पेट्या उपड्या केल्या, अंकांचे गठ्ठे फाडले. पोलिसांच्या शिट्ट्या ऐकू आल्या तसा जमाव पांगला.

दोघं अंगणात आले. मॅनेजरांच्या सदऱ्यावर रक्त उतरलं होतं.

"सगळ्यांना पळायला सांगितलं होतं ना मी?" ते तुकारामवर खेकसले.

तुकारामने आपला हात दुसऱ्या हाताने धरला होता. "माका दारार उभो रव सांगल्यात, साहेबानू. तसाच केलंय मा."

काकू आत जाऊन जुनं लुगडं घेऊन आल्या आणि फाडू लागल्या.

तुकारामला परळच्या इस्पितळात नेलं. कोपर जुळलं, पण हात पुन्हा सरळ झाला नाही. पुढच्या तालमीला मॅनेजरांनी त्याला सर्वांच्या आधी अंगणात पाठवलं. फोरमनने विचारलं, "मग दार कोण बघणार?"

"कोणी नाही," मॅनेजर म्हणाले. "ते नुसतं दार आहे."

मालकांनी तुकारामच्या जागी धडधाकट माणूस नेमायचं ठरवलं, तेव्हा मॅनेजर त्यांच्या घरी जाऊन आले. काय बोलणं झालं ते बाहेर आलं नाही. तुकाराम दारावर राहिला. मॅनेजर रोज सकाळी येताना त्याच्या हाताकडे पाहत आणि आत जात. पळापळ मंडळाच्या विनोदाला मात्र आता ते हसत नसत.

काही वर्षांनी मुंबईसकट महाराष्ट्र राज्य झालं. त्या सकाळी आमच्या रस्त्यावरून मिरवणूक निघाली. ढोल, गुलाल, गच्च्यांवर बायका. आम्ही सगळे दाराशी जमलो. गर्दी इमारतीजवळ आली तसे मॅनेजर तुकारामच्या पुढे जाऊन उभे राहिले. मिरवणुकीतला एकजण हात पुढे करून धावत आला. मॅनेजर जागचे हलले नाहीत.

मागून तुकाराम हळूच म्हणाला, "साहेबानू, पेढो असा. धोंडो नाय."

मॅनेजर बाजूला झाले. तुकारामने डावा हात पुढे केला.

"काका, डावा काय? आज तरी उजवा करा!" तो माणूस हसत म्हणाला. त्याला काही माहीत नव्हतं.

मॅनेजरांनी स्वतःच्या उजव्या हातात पेढा घेतला आणि तुकारामच्या तोंडात घातला. तो माणूस शेजारच्या दाराकडे धावला. तुकाराम चावत होता. मॅनेजर रुमालाने आपली बोटं पुसत होते, आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिले.