पहिलीचा वर्ग न घेतलेले उबाळे सर

प्रशिक्षणाला उभे राहिले की उबाळे सर आधी फळ्याकडे वळत आणि मोठ्या अक्षरांत लिहीत, 'पहिली ते चौथीला शिकवल्याचा अनुभव : नाही.' मग खडू ठेवून म्हणत, "हे वाचूनबी ज्यांना बसायचं त्यांनी बसा. मी आधीच बराबर सांगून राह्यलो, मागून म्हणू नका." हॉलभर हशा पिकायचा. नव्या शिक्षकांना वाटायचं, माणूस गमत्या दिसतोय. मी मात्र हसत नसे, कारण ही सवय त्यांना माझ्या वर्गामुळे लागली होती.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मंठ्याला, बालकेंद्री शिक्षणाच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणात. त्या वर्षी प्रशिक्षकांना 'सुलभक' म्हणायची टूम निघाली होती. असे चार सुलभक आले होते. एक शारीरिक शिक्षणाचे, एक बी.एड. कॉलेजातले मराठीचे प्राध्यापक, एकांची निम्मी नोकरी कार्यालयातलं टपाल सांभाळण्यात गेलेली, आणि चौथे उबाळे सर. एम.एस्सी., एम.एड., ज्युनिअर कॉलेजात चौदा वर्षं रसायनशास्त्र शिकवून जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेत आलेले. सहा वर्षांच्या मुलांना शिकवलेला त्यांत एकही नव्हता. समोर सतरंजीवर आम्ही बसलेलो, सगळी हयात पहिली-दुसरीत घालवलेले. पण हे विचारावं असं आमच्या कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. चहा चांगला होता आणि प्रमाणपत्र मिळणार होतं.

बाकीचे तिघे पडद्यावरचं वाचून दाखवत. उबाळे सर मात्र मनापासून बोलत. "घाई मोठ्यांना आस्ती, लेकराला न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या पाच दिवसांत ते मी वीसदा तरी ऐकलं असेल, आणि प्रत्येक वेळी मला ते पटलं. बारा वर्षं मी छडी वापरली होती. घरी परतले आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेतल्या खिचडीच्या चुलीत घातली. माझा वर्ग त्यानंतर खरोखर बदलला, हे मी आजही कोणालाही सांगेन. मुलं सुट्टी झाली तरी उठायला तयार नसत.

पल्लवी त्याच वर्षी पहिलीत आली. आई रोजानं कापूस वेचायला जाणारी, वडील पुण्याकडे बांधकामावर. पोरगी हसरी, पण अगदी गप्प. कोपऱ्यात बसून चिंचोक्यांच्या रांगा लावायची आणि त्या मात्र बघत राहाव्यात अशा. इतर मुलं उठली की उठायची, बसली की बसायची. तिचा एक कान वाहतो हे मला ठाऊक होतं. आई म्हणाली होती, कोमट तेल टाकते, राहील. एकदा तिच्या पाठीमागं माझ्या हातून परात पडली. सगळा वर्ग दचकला. पल्लवी रांग लावतच राहिली.

पुढच्या आठवड्यात सर वर्गभेटीला आले. पल्लवीजवळ अर्धा तास मांडी घालून बसले आणि हरखून गेले. मला म्हणाले, "बाई, हिच्यावर बिलकुल जोर टाकू नका. ही बघून शिकून राह्यली." परातीची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. मी ती गिळली. एवढा शिकलेला माणूस सांगतोय, त्यात आपण कुठं तोंड घालायचं, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर ते माझं कौतुक करत होते, ते मला मोडायचं नव्हतं. त्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'वर्ग आदर्श. पल्लवी स्वतःच्या गतीने शिकत आहे.' ते पान मी दोन वर्षं येईल त्या पाहुण्याला उघडून दाखवलं.

ती तिसरीत असताना आरोग्य तपासणीला डॉक्टर आल्या. त्याआधीच्या तपासणीला ती घरी राहिली होती. त्यांनी तिच्या मागं उभं राहून टाळी वाजवली, कानात बघितलं आणि तिला तडक जालन्याला पाठवलं. मी बरोबर गेले. एक कान पुरता गेला होता, दुसरा जवळजवळ. पहिलीत असताना आणली असती तर बरंच वाचलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं की शाळेत कोणाच्याच लक्षात आलं नाही का. 

सरांना फोन केला. ते दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं आले आणि शाळेत न येता थेट पल्लवीच्या घरी गेले. मी मागोमाग पोचले तेव्हा ते तिच्या आईला सांगत होते की चूक त्यांची स्वतःची आहे, त्यांनीच तपासायला पाहिजे होतं. हे कोण, कुठले, तिला काही उमगेना. बराच वेळ ऐकून ती म्हणाली, "सर, हाक मारली तरी येत न्हाई म्हणून म्या लय मारलं तिला. शाळंतून कोणी सांगितलं असतं, तर मारलं नस्तं." सर उंबऱ्याजवळ मातीतच बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

चौकशी लागली. मी शेरेबुक पुढं केलं आणि त्यांच्या अक्षरावर बोट ठेवलं. सरांनीही लिहून दिलं की जबाबदारी त्यांचीच. माझ्यावर काहीच आलं नाही.

तेव्हापासून ते फळ्यावर ते वाक्य लिहू लागले, आणि पल्लवीची गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणात स्वतःच्या नावासकट सांगू लागले. माझं नाव कधीच घेत नसत. प्राथमिक शाळेत बदली मागितली, ती नियमात बसेना. मग शनिवारी त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ते माझ्या शाळेत येऊन पहिलीचा तास घेऊ लागले. त्यांना तो जमत नसे. मुलं त्यांच्या खिशातलं पेन काढत, एखादं रडायला लागे आणि सर घामाघूम होत. "आज लेकरं बारा मिनिटं बसले," असं एकदा म्हणाले. पंधराच्या वर ती कधी बसली नाहीत. इकडे वरच्या साहेबांना फळ्यावरचं ते वाक्य खुपू लागलं. असं लिहिल्यानं प्रशिक्षणाचं गांभीर्य जातं म्हणे. सरांचं नाव प्रशिक्षकांच्या यादीतून गेलं आणि त्यांना जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं.

मागच्या वर्षी ते जालन्याच्या दवाखान्यात होते. हृदयाचं दुखणं, डॉक्टरांनी आशा सोडलेली. मी गेले आणि परातीचं सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "तुम्हाला काही तरी सांगायचंय, हे मला तव्हाच दिसल्तं. मी इचारलं न्हाई. मला शेरा लिहून गाडी गाठायची होती." मग चौकशीत हे का बोलला नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तुम्हाला वर्ग होता, बाई. मला कुठं होता?"

आठ दिवसांनी ते गेले. शोकसभेत त्यांच्या पदव्या वाचून दाखवल्या, चौदा वर्षांचं रसायनशास्त्रही निघालं. मी उठले ते सगळं सांगायचं म्हणूनच. समोर साहेब बसले होते. मी सरांच्या साधेपणावर दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. तिथं जे सांगितलं नाही ते इथं लिहिते आहे. याची मला लाज वाटते.

पल्लवीला ऐकण्याचं यंत्र मिळालं होतं. मुलं चिडवतात म्हणून तिनं ते पेटीत टाकलं आणि पाचवीला शाळा सोडली. आता आईबरोबर वेचणीला जाते. परवा शाळेच्या वाटेवर ती माझ्यापुढं चालली होती आणि मागून ट्रॅक्टर येत होता. मी तिच्या नावानं ओरडले. इतकी वर्षं झाली, तरी मला आधी हाकच सुचली. ट्रॅक्टरवाल्यानं कसाबसा बाजूनं काढून घेतला आणि तिला घाणेरडी शिवी हासडली. ती फक्त मला ऐकू आली. धुरळा खाली बसल्यावर पल्लवीनं मागं वळून मला पाहिलं, ओळखलं, आणि हसून हात जोडले.