पुन्यांदा हवालदार

नव्वदच्या पुढची गोष्ट. आमच्या शेळगावच्या बाजूला चौकीत एक हवालदार होता. कागद लिहून झाला की चष्मा पुसायचा आणि म्हणायचा, "आता पुन्यांदा ऐका." मग पहिल्या ओळीपासून सगळं मोठ्यानं वाचायचा. भांडण बांधाचं असो नाहीतर म्हशीचं, ऐकवल्याशिवाय त्यानं कुणाचा अंगठा घेतला नाही. म्हणून त्याचं नाव पडलं पुन्यांदा हवालदार. मी दुसरीतनं शाळा सोडलेला माणूस. एकदा बोललेला शब्द मी फिरवत नाही, ही माझी गावात ख्याती. त्यामुळं त्याचं ते 'पुन्यांदा' मला झोंबायचं.

माणूस पणदऱ्याकडचा, अंगानं काटकुळा. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन जादा भोकं. फिरायचा सायकलवर. मी एकदा पारावर बसून डिवचलं, "सायेब, चोर पळाला तर ह्या सायकलीनं गावंल व्हय?"

तो म्हणाला, "तात्या, पळून पळून जातोय कुठं? भाकरीला घरीच येतोय. मी त्याच्या दारात बसतो."

आणि खरंच बसायचा. दोन चोर त्यानं असेच धरलेले, एक तर हात धुताना.

कळंबच्या जत्रेत एकदा तंबूत पोलिसाचा सिनेमा लागला होता. त्यातला फौजदार एकट्यानं सगळं गाव साफ करायचा. जीप उडवायचा, खांबाला बांधून बदडायचा, गोळ्या तर मोजायलाच नकोत. लोक शिट्ट्या मारत होते. आमचा हवालदार बंदोबस्ताला कनातीला टेकून उभा. खेळ सुटल्यावर मी विचारलं, "बघितलं का? ह्याला म्हंत्यात पोलीस."

"बघितलं की. सात माणसं पाडली, पंचनामा एकाचाबी न्हाय. कोर्टात टिकायचं कसं?"

आम्ही पोट धरून हसलो. आठ दिवस गावात तेवढीच चर्चा होती.

त्याच साली माझी सात मेंढरं वाघरीतनं, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीतनं, गेली. आमच्या घराण्याची खूण म्हणजे डाव्या कानाच्या टोकाला दोन खाचा. बापजाद्यांपासून चालत आलेली. धाकटा भाऊ बारामतीच्या बाजारात शोधायला गेला. मी कळंबकडं निघालो, तर भिवाच्या कळपात त्याच खाचांची चार मेंढरं चरताना दिसली. भिवा म्हणजे माझ्या चुलतभावाच्या लेकीचा, हिराचा, नवरा. घरचाच माणूस चोर निघाला म्हणून माझं डोकं जास्तच फिरलं. गचांडी धरून त्याला चौकीत आणला. मागं अर्धं गाव.

मी म्हणालो, "सायेब, आधी दोन ठेवून द्या. मग बघा कसा बोलतोय."

हवालदार कागद काढत म्हणाला, "मार खाऊन बोलतोय ते त्याचं नसतंय तात्या, माझंच असतंय. तुमी सांगा, मी लिवतो."

भिवा खाली मान घालून उभा होता. "तात्या, म्या न्हाय," एवढंच दोनदा म्हणाला. मी सगळं सांगितलं, हवालदारानं लिहून घेतलं. आता अंगठा लागला की भिवाला इंदापूरच्या ठाण्यात नेणार होते. मी अंगठा शाईत बुडवलासुद्धा. तेवढ्यात हवालदारानं चष्मा पुसला.

"पुन्यांदा ऐका."

"एकदा सांगितलं न्हवं?"

"ऐका तर. 'ही मेंढरं माझी आहेत, कारण त्यांच्या कानाला आमच्या घराण्याची खाच आहे.' बरुबर?"

"बरुबर."

"तोंडावळ्यानं वळखली का खाचंनं?"

इथं मी अडलो. मेंढरामागं फिरणारा माणूस एकेक तोंड ओळखतो. पण ऊस लावल्यापासून कळप भाऊच बघत होता, मी महिना महिना तिकडं फिरकत नव्हतो. हे चारचौघांत कसं कबूल करणार? म्हणालो, "खाच हाय म्हंजे माझंच."

"घराण्यात कोण कोण धरता?"

मी भाऊ, चुलतभाऊ, सगळी नावं घेतली.

"आन लेकी?"

लेकीला लग्नात मेंढ्या द्यायच्या, त्यांची पिल्लं तिची, आणि त्यांच्या कानाला खाच माहेरची, ही आमचीच रीत. दारातनं हिरा बोलली. आवाज चढवला नाही तिनं.

"तात्या, माझ्या लग्नात दोन मेंढ्या तुमीच हाकून आणल्या की. खाचबी तुमच्याच हातची."

मला ते लख्ख आठवलं. मांडवाच्या मागं बसून मीच कान कापले होते. हवालदारानं माझ्याकडं बघितलं नाही. कागदाकडंच बघत म्हणाला, "अंगठा लागला न्हाय अजून. तवर हे नुसतं बोलणं हाय."

मी अंगठा धोतराला पुसला आणि घरी आलो. जन्मात तेवढा एकच शब्द फिरवला. माझी मेंढरं शेवटपर्यंत सापडली नाहीत.

भिवाला मात्र मी काही बोललो नाही. चुकलं म्हणायला तोंड उघडेना. हिरा सणाला पोळ्या पाठवायची, मी खायचो, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात हवालदाराची बदली झाली. गाव त्याला यष्टीला बसवायला गेलं. मी गेलो नाही. गेलो असतो तर भिवाच्या शेजारी उभं राहावं लागलं असतं. भिवानंच म्हणे त्याची पेटी टपावर चढवली. हवालदारानं विचारलं, "तात्या दिसत न्हाईत?" भिवा म्हणाला, "मेंढराकडं गेल्यात, सायेब. लई हळहळत हुते."

हवालदार हसला म्हणे. "भर दुपारी मेंढरं सावलीला बसत्यात, गड्या. असूंदे. म्या रागावलो न्हाय म्हणून सांग त्यास्नी."

भिवानं ते मला सांगितलं, माझ्या अंगणात उभं राहून. ज्याला मी चोर ठरवायला निघालो होतो, तो माझी अब्रू झाकायला पोलिसापुढं खोटं बोलला होता. मी खाट जरा पुढं ओढली आणि म्हणालो, "बस."