रिट्रॅक्टर प्रज्ञाच्या हातात होता

जे लिहिते आहे ते माझ्या घरात कुणाला माहीत नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. ज्यांच्या हाताखाली शिकले ते सर आता हयात नाहीत. त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणजे मला ठाऊक आहे, आणि आणखी एकीला. ती बोलली नाही. मी तर नाहीच.

मी दातांची डॉक्टर आहे, त्यातही तोंडाची आणि जबड्याची सर्जन. नागपुरातल्या एका कॉलेजात शिकवते. बीडीएस झालेली मुलंमुली तीन वर्षांसाठी आमच्याकडे येतात. अपघातात मोडलेले जबडे, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन दोन बोटंही आत जात नाहीत अशी तोंडं, आणि अक्कलदाढा. अक्कलदाढा सगळ्यांत जास्त. हात त्यांच्यावरच बसतो.

खालची अक्कलदाढ आडवी अडकलेली असली की हिरडी उघडून, थोडं हाड कापून, दाढेचे तुकडे करून ती काढावी लागते. या दाढेच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, हाडाचा पापुद्रा असतो. त्याच्या पलीकडे लगेच जिभेची नस. म्हणून तिथे स्टीलची एक पातळ पट्टी सरकवून ठेवतात. तिला रिट्रॅक्टर म्हणतात. ड्रिल चुकून पुढे गेलंच तर ते स्टीलवर आपटतं, नसेवर नाही. ती पट्टी ज्युनिअरने धरायची. काही ठिकाणी ती वापरत नाहीत, त्यांची कारणं वेगळी आहेत. आमच्या सरांचा दंडक होता — ठेवायचीच. तो मी अजून चालवते.

दर वर्षी नवीन बॅच आली की पहिल्याच दिवशी मी एक गोष्ट सांगते. मी थर्ड इयरला असताना एका फर्स्ट इयरच्या मुलीने मध्येच रिट्रॅक्टर काढला आणि पेशंटची अर्धी जीभ कायमची बधिर झाली. मग मी फळ्यावर आकृती काढते, नस दाखवते आणि म्हणते, हात दुखला तरी काढायचा नाही. मुलं लिहून घेतात. त्यातली काही आता स्वतः शिकवतात आणि हीच गोष्ट सांगतात, असं कानावर आलं आहे.

यंदा सावनेरची एक मुलगी आली आहे. हुशार आहे, पण प्रश्न फार विचारते. गोष्ट संपल्यावर तिने हात वर केला. "मग त्या ज्युनिअरचं पुढं काय झालं, मॅडम?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पेशंटचं विचारतात. नसेचं विचारतात — परत जोडता येते का, किती महिन्यांत. ज्युनिअरचं कुणी नाही. मी म्हणाले, "माहीत नाही," आणि पुढच्या आकृतीकडे वळले. खडू मोडला म्हणून दुसरा घेतला.

मला माहीत आहे. अगदी पत्त्यासकट माहीत आहे.

तिचं नाव प्रज्ञा. उमरेडची. वडील एसटीत कंडक्टर, आई अंगणवाडीत. घरातली पहिलीच डॉक्टर. राखीव जागेवर आलेली — हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण विभागात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे कुणी दाखवत नव्हतं. मी नागपुरातल्याच जुन्या महाल भागातली. आमच्याकडे दोन पिढ्या कचेरीत गेलेल्या, मग बँक, मग मी. सर आमच्या घरी चहाला येऊन गेलेले. हे सगळं आत्ताच का सांगते आहे? कारण ते त्या दिवशी माझ्या बाजूने उभं होतं आणि मला ते कळत होतं.

प्रज्ञाचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हेही सांगून टाकते. तिचे टाके बघून सिस्टर म्हणायच्या, हिने आधी शिवणकाम केलं असेल.

आमच्या मायनर ओटीच्या दाराशी एक पाटी होती. कोणती दाढ, कुणी काढली, किती मिनिटांत, हे आम्ही पीजी खडूने तिच्यावर लिहायचो. सरांना ते पसंत नव्हतं, पण ते पुसायचेही नाहीत. सर्वांत कमी वेळ माझ्या नावावर होता. फायनलला दोन महिने राहिले होते आणि मला तो आकडा आणखी खाली आणायचा होता. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर लिहिताना बरं वाटलं असतं.

पेशंट होत्या चंद्रकलाबाई, पारशिवनीकडच्या. शाळेत पोषण आहार शिजवायच्या, लग्नसराईत स्वयंपाकाची कामं घ्यायच्या. तोंड लहान, जीभ जाडसर. प्रज्ञाने रिट्रॅक्टर बरोबर लावला होता. पण त्याच्यामुळे मला मागचा कोपरा दिसत नव्हता. दिसावा म्हणून थांबून पाणी मारायचं, सक्शन घ्यायचं, खुर्ची थोडी मागे करायची — तीन-चार मिनिटं गेली असती.

मी म्हणाले, "काढ तो."

ती म्हणाली, "मॅडम, अजून हाड राहिलं आहे. काढू?"

"दिसत नाही मला. काढ."

तिने पुन्हा विचारलं — दोनदा विचारलं तिने, हे मी विसरलेले नाही — "नक्की काढू?"

मी वर न बघता म्हणाले, "प्रज्ञा, ऑपरेशन कोण करतंय?"

तिने काढला.

पुढे काय झालं ते हाताला कळलं. ड्रिलखाली हाड असतं तेव्हा एक कुरकुर हातात येते. ती कुरकुर एका क्षणासाठी थांबली, म्हणजे टोक हाडापलीकडे गेलं. बस, तेवढंच. मी टोक मागे घेतलं, दाढ काढली, टाके घातले. बाईंना काही जाणवायचं कारण नव्हतं. भूल होती, जीभ तशीही बधिरच होती. बाहेर येऊन मी पाटीवर मिनिटं लिहिली. माझा सर्वांत कमी वेळ. लॉगबुकात लिहिलं — गुंतागुंत: नाही.

आठ दिवसांनी बाई टाके काढायला आल्या. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, माही इकडची जीभ अजून झोपूनच राहिली नं."

मी कापसाचा पीळ जिभेवर फिरवला. डाव्या बाजूला कळत होतं. उजव्या बाजूला सुई टोचली तरी त्या छताकडे शांत बघत होत्या. मी म्हणाले, येईल हळूहळू. महिन्याने आल्या, तीन महिन्यांनी आल्या. उजव्या कडेला चावल्याच्या खुणा होत्या, काही ताज्या. "मिठाचा अंदाजच येत नाही आता," म्हणाल्या. "पोरीले चाखाले लावा लागते." शाळेतलं काम दुसऱ्या बाईकडे गेलं होतं. त्यांनी तक्रार केली नाही. मला जवसाची चटणी आणून दिली, स्टीलच्या डब्यात. घरी आईने चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाली, कुणी केली गं ही, मीठच मीठ आहे. मी म्हणाले, एका पेशंटने.

पण हे नंतरचं. टाके काढले त्याच दिवशी सरांनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. केसपेपर समोर होता. त्यांनी मला विचारलं, रिट्रॅक्टर होता ना?

आता इथे मी काय बोलले ते नीट ऐका. मी खोटं बोलले नाही. मी म्हणाले, "सर, रिट्रॅक्टर प्रज्ञाच्या हातात होता."

एवढंच. यातला एकही शब्द खोटा नाही. पुढचं वाक्य — मी काढायला सांगितला — ते मी बोलले नाही. सर प्रज्ञाकडे वळले. तिने माझ्याकडे बघितलं. ती वाट बघत होती. मला अजून आठवतं, तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मॅडम आता बोलतील, एवढंच होतं. मी केसपेपर वाचायला लागले. त्यात वाचण्यासारखं काय होतं? चार ओळी, माझ्याच हातच्या.

"सरकला का?" सरांनी तिला विचारलं.

ती म्हणाली, "काढला होता, सर." आणि थांबली. माझ्यासाठी थांबली.

सर म्हणाले, "तरी मी म्हणतच होतो." काय म्हणत होते, कुणाबद्दल म्हणत होते, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हा तिघांनाही कळलं. आणि मला — हे लिहायला मला इतकी वर्षं लागली — मला त्या क्षणी हलकं वाटलं.

प्रज्ञाला ओटी बंद झाली. आठ महिने. ओपीडीत हलणारे दात काढायचे, केसपेपर लिहायचे, एक्स-रे आणायला जायचं. सर्जरीत पहिल्या वर्षी हात बसला नाही तर पुढे तो मागेच राहतो. शिकणाऱ्या कुणालाही विचारा. मुलं तिला चिडवायची. ती आत आली की कुणीतरी म्हणायचं, जीभ आत घ्या रे. एकदा मी तिथे होते. मी हसले.

ती एकदाच माझ्याकडे आली. लायब्ररीच्या जिन्यात, दुपारी. म्हणाली, "मॅडम, तुम्ही सरांना सांगाल ना?"

मी म्हणाले, "परीक्षा होऊ दे माझी. मग सांगते."

"हो, आधी परीक्षा होऊ द्या," ती म्हणाली. मलाच धीर दिल्यासारखी.

परीक्षा झाली. निकाल लागला. सर पेढे घ्यायला आमच्याकडे आले आणि जाताना, कॉलेजात जागा निघते आहे, अर्ज कर, म्हणाले. अर्ज केला. नेमणूक झाली. मग कधी सांगणार होते? पहिल्या आठवड्यात? कन्फर्म झाल्यावर? सर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्याशेजारी बसले होते, हातात पुष्पगुच्छ होता. नंतर ते आजारी पडले तेव्हाही भेटायला दोनदा गेले. दुसऱ्या वेळी घरात आणखी कुणी नव्हतं. आम्ही उन्हाबद्दल बोललो.

प्रज्ञा पास झाली. पण सर्जरी तिने केली नाही. उमरेडला बसस्टँडच्या अलीकडे तिचा दवाखाना आहे. दात भरते, काढते, कवळ्या बसवते. तिथल्या बायका तिला नावाने ओळखतात. खालची आडवी अक्कलदाढ आली की ती हात लावत नाही. चिठ्ठी देऊन आमच्या कॉलेजात पाठवते. चिठ्ठीवर माझं नाव नसतं. "विभागप्रमुख" असतं. विभागप्रमुख मी आहे, हे तिला माहीत आहे.

बाकीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मी रोज बघते. पेशंटचं नाव, कोणती दाढ, पुढील उपचारांसाठी पाठवत आहे, सही. प्रज्ञाच्या चिठ्ठीत एक ओळ जास्त असते. खाली, सहीच्या वर, दर वेळी त्याच जागी — "जिभेची संवेदना दोन्ही बाजूंना तपासली. व्यवस्थित आहे." पुढे तारीख आणि वेळ.

असं कुणी लिहीत नाही. लिहायची गरजच नसते. दाढेला अजून कुणी हातही लावलेला नसतो. एकदा माझ्या एका असिस्टंटने विचारलं, या मॅडम हे काहून लिहितात? मी म्हणाले, सवय असेल.

तिच्या हातून पेशंट सुटला तेव्हा त्याची जीभ शाबूत होती, हे ती कागदावर लिहून ठेवते. माझ्याकडे पाठवताना. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, एकही चिठ्ठी त्या ओळीशिवाय आलेली नाही.

परवा पुन्हा एक आली. पेशंट कॉलेजातली मुलगी होती, उमरेडचीच. केस मी स्वतः घेतली. रिट्रॅक्टर सावनेरच्या त्या मुलीच्या हातात दिला. तिने तो शेवटपर्यंत हलवला नाही. मनगट थरथरायला लागलं तेव्हा दुसऱ्या हाताने आधार दिला. बाहेर आल्यावर मी तिला म्हणाले, छान धरलास. ती म्हणाली, "मॅडम, ती गोष्ट डोक्यात होती ना."

मी चिठ्ठी फाइलला लावली.

चंद्रकलाबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी रिट्रॅक्टर मी काढायला लावला. प्रज्ञाने दोनदा विचारलं होतं.