सासूबाईंची चप्पल

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मनीषालाही नाही — आणि बायको म्हणून तिच्यापासून माझा डब्यातला शेवटचा लाडूसुद्धा लपत नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? कोण जाणे.

मी श्रीरामपूरला शाळेत विज्ञान शिकवतो. पालकसभेत माझं एक भाषण ठरलेलं असतं. तापात लहान मुलाला झटके आले तर घाबरू नका, कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबले नाहीत तर तडक दवाखाना गाठा — थांबले तरी डॉक्टरांना दाखवाच. आणि तोंडात काही म्हणजे काही घालू नका! मग मी सासूबाईंच्या चपलेचा किस्सा सांगतो. सभा खो खो हसते. रंगवतो मी छान.

किस्सा खराच आहे. आमची ओवी तेव्हा दीड वर्षाची. दुपारी तापानं फणफणली आणि एकाएकी डोळे फिरवून ताठ झाली, हातपाय झडायला लागले. मनीषा कामावर. घरात मी आणि कर्जतहून आलेल्या सासूबाई. फेफरं आलं की चप्पल हुंगवायची, ही त्यांच्याकडची रीत. त्या दाराकडे धावल्या, चप्पल आणली, ओवीच्या नाकाशी धरली. झटके आपोआप थांबले, श्रेय चपलेला गेलं. रिक्षातून दवाखान्यात उतरलो तेव्हा सासूबाईंची एक चप्पल पायात होती आणि दुसरी अजून हातात.

इथवर सभेला सांगतो. पुढचं —

त्या दाराकडे धावल्या तेव्हा मी, विज्ञानाचा मास्तर, काय करत होतो? स्वयंपाकघरातून चमचा आणला होता. जीभ चावेल म्हणून तो ओवीच्या दातांत कोंबला. कट्ट आवाज झाला. पुढचा दात तुटला, तुकडा चमच्याबरोबर बाहेर आला. मी चमचा आणि तुकडा खिशात टाकला — सासूबाई वळायच्या आत.

डॉक्टरांनी तपासलं, जिवावरचं काही नाही म्हणाले. मग चढ्या आवाजात विचारलं, दात कशानं तुटला? तुकडा श्वासनलिकेत गेला असता तर? मी काही बोललो नाही हो. फक्त सासूबाईंच्या हातातल्या चपलेकडे बघितलं. तेवढं पुरलं.

त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "लागली आसंल. घाईत ध्यानात न्हाई आलं," म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटलं. आजही वाटतं. आणि मी त्यावर वर्षानुवर्षं लोकांना हसवतोय!

ओवी आता तिसरीत आहे. झटके पुन्हा कधी आले नाहीत. नवा दात असा दणकट आलाय की त्यानं ऊस सोलते आणि चिपाडं माझ्या वह्यांवर टाकते.

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्याला, वर्षाच्या पोराला, ताप आला. सासूबाई आलेल्याच होत्या. मनीषा त्याचं औषध आणायला उठली आणि पोराला त्यांच्याकडे द्यायला गेली. त्यांनी हात पदराखाली घेतले.

"मला नगं बाई. तापातलं लेकरू माझ्या हातात नगं," असं म्हणून त्या माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, तुमी धरा. तुमाला कळतं."

मी धरलं.