खाडीकाठचे ड्रायव्हरकाका

बाळकुमच्या खाडीकाठी मी पलीकडच्या डोंगराचे फोटो काढत होते. इतक्यात समोरच्या खांबावर खंड्या येऊन बसला, आणि मी सेटिंग बदलेपर्यंत उडालासुद्धा. शेजारी कॅमेरा घेऊन उभे असलेले एक अनोळखी काका खळखळून हसले.

"अगं, पक्ष्यांचं सेटिंग आधीच सेव्ह करून ठेवायचं. मी तीस वर्षं एसटी चालवली. घाटात गिअर टाकताना खाली बघतं का कोणी?"

गळ्यातल्या रुमालाने हात पुसून त्यांनी माझ्या डायलवर एका खुणेला डोंगर, दुसरीला पक्षी सेव्ह करून दिले. थोड्या वेळाने बगळा उडाला. मी न बघताच डायल फिरवली. फोटोत पीस न् पीस स्पष्ट आलं.

काकांनी माझा कॅमेरा घेतला आणि ते फिरायला आलेल्या प्रत्येकाला थांबवून दाखवत सुटले, "बघा, आमच्या पोरीनं काढलाय!"