स्पीकर नसलेल्या मॉनिटरचा आवाज

ऑक्टोबर २००७, आयुधपूजेचा दिवस, सकाळ. ठिकाण: चेन्नईत अंबत्तूरजवळचं एक खासगी हॉस्पिटल, पहिल्या मजल्यावरचा छोटा वॉर्ड. हजर: मी, बायोमेडिकल विभागाची प्रमुख, माझा टेक्निशियन मुरुगन, ड्यूटीवरच्या सिस्टर स्टेला, खाट दोनवरचे पेशंट, रेल्वेतून रिटायर झालेले गृहस्थ, आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळा वॉर्ड ‘मामी’ म्हणायचा.

हजेरी आधी घेतली, कारण हे सांगितलं की लोक म्हणतात, “तुम्हाला भास झाला असेल.” भास एकाला होतो. चौघांना एकदम?

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. नवऱ्याच्या बदलीमुळे चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या क्वार्टर्समध्ये आलो, तेव्हा शेजारणी तिथल्या चिंचेच्या झाडाला बिचकायच्या. मी त्याच्याखालीच स्कूटर लावायचे... सावली चांगली होती. मशीन बिघडलं की त्याचा एरर लॉग काढायचा. कोणता दोष आला, कोणता अलार्म झाला, कोणतं बटण दाबलं गेलं, हे सगळं मशीन स्वतःच नोंदवून ठेवतं. ते वाचायचं, कारण शोधायचं, पुढच्या कामाला लागायचं.

आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी. आदल्या संध्याकाळी मुरुगनने वर्कशॉपमध्ये हत्यारं आणि मॉनिटर ओळीने मांडले, प्रत्येकाला चंदन-कुंकू लावलं, वर शेवंतीची माळ घातली. त्यानंतर दसरा उजाडेपर्यंत स्क्रूड्रायव्हरला हात लावायचा नाही. त्या ओळीत एक मॉनिटर नादुरुस्त होता. त्याचा फाटलेला स्पीकर आम्ही काढून टाकला होता, नवा यायचा होता.

सकाळी खाट दोनचा मॉनिटर बंद पडला. सिस्टर स्टेलांनी वर्कशॉपच्या ओळीतला एक उचलून नेला आणि लावला. नेमका तोच! स्क्रीनच्या वरच्या कडेला ‘स्पीकर फॉल्ट’ अशी बारीक ओळ येते, पण तिच्यावर माळ लोंबत होती.

बंद पडलेला मॉनिटर न्यायला मी आणि मुरुगन वॉर्डात गेलो. सिस्टर टेबलापाशी पूजेचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, वाटत होत्या.

“घ्या मॅडम. आज तरी मशीनच्या आधी पोटाकडे बघा.”

आम्हा तिघांचीही पाठ खाटेकडे. मामी खुर्चीत डुलक्या घेत होत्या.

आणि अलार्म वाजला... हृदय थांबल्यावर वाजतो तो, सगळ्यात तातडीचा. सिस्टर धावल्या, सायलेन्सचं बटण दाबलं, आवाज थांबला. त्या छाती दाबायला लागल्या. डॉक्टर आले, शॉक दिला. गृहस्थ वाचले. मामी सिस्टरांचा हात सोडायलाच तयार नव्हत्या. “ते ओरडलं म्हणून मी जागी झाले गं...” एवढंच तमिळमध्ये परत परत.

मुरुगन मॉनिटरच्या मागे वाकून नंबर बघत होता.

“अय्यो मॅडम... हा तर स्पीकर काढलेला.”

“नादुरुस्तची चिठ्ठी कुठाय त्याची?”

“मीच काढली. देवीसमोर ‘नादुरुस्त’ लिहिलेलं कसं मांडायचं?”

लॉग काढायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही, केबल पुरते. लगेच काढला. चालू केल्यापासून स्पीकर फॉल्ट. मग हृदय थांबल्याचा अलार्म. पुढे नोंद: आवाज निघाला नाही. त्याच्यापुढे: सायलेन्स बटण दाबलं. म्हणजे जो आवाज निघालाच नव्हता, तो बंद करण्यात आला! वॉर्डातल्या बाकी सगळ्या मॉनिटरांचेही लॉग काढले. कुठेही अलार्म नाही. सगळ्या खाटांचे अलार्म सिस्टरांच्या टेबलावर वाजवणारं वेगळं यंत्र त्या वॉर्डात नव्हतंच.

दसऱ्याला सकाळी मॉनिटर उघडला. स्पीकरची जागा रिकामी, दोन वायरी टेप लावलेल्या.

सिस्टर बघायला आल्या होत्या. “मी दर रविवारी चर्चला जाते, आणि वाजवायला तुझी देवी येते होय रे मुरुगा?”

तो हसला नाही. चिठ्ठी काढणं ही त्याची चूक होती, आणि असली चूक रिपोर्टात आली की काँट्रॅक्टवरच्या माणसाला काँट्रॅक्ट परत मिळत नाही. घरी दोन मुली. तरी तोच म्हणाला, “मॅडम, खरं आहे तेच लिहा. खाट दोनच्या मामांना काही झालं असतं तर?”

लिहिलं. सुपरिंटेंडेंट डॉक्टरांनी वाचलं आणि चष्मा काढला.

“मॅडम, पहिल्या पानावर तुम्ही म्हणता, अलार्म मी स्वतः ऐकला. दुसऱ्या पानावर म्हणता, स्पीकरच नव्हता. याच्यावर मी एका माणसाला घरी पाठवू? आधी हे दुरुस्त करून आणा.”

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. रिपोर्ट पुरा नाही म्हणून चूक कुणाच्या नावावर नाही, आणि मुरुगनचं काँट्रॅक्ट चालू आहे. आता तो चिठ्ठी काढत नाही, पूजेला चिठ्ठीलाच कुंकू लावतो. कंपनीच्या इंजिनिअरला मी विचारलं, ओळखीच्या प्राध्यापकांना विचारलं. उत्तर नाही. मला विचाराल तर मलाही माहीत नाही.

रिपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. दर सोमवारी कामांची यादी करताना तो बाहेर काढते. दोन्ही पानं पुन्हा वाचते. दोन्ही खरी आहेत. कुठलं खोडायचं, ते अजून ठरलेलं नाही.